अडकलेलं पिस्तूल आधी वाचायचं

पोरी, तुझ्या कमरेला आता सरकारी ९ एमएम लागलं. ट्रेनिंगमध्ये तुला ते खोलायला, जोडायला, चालवायला शिकवलं असेल. मध्येच बंद पडलं तर काय करायचं तेही घोकून घेतलं असेल: मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाइड मागे ओढून सोड, पुन्हा नेम. समोर जिवावर उठलेला माणूस असेल तर तेवढंच करायचं, विचार करत बसायचं नाही. रेंजवर मात्र तीच घाई केलीस तर पिस्तूल मोकळं होईल आणि ते का अडकलं होतं, याचा पुरावा जमिनीवर सांडून जाईल.

तुझ्या या मोठेबाबाची सगळी नोकरी शस्त्रागारात गेली. माझ्या टेबलावर पिस्तूल ठेवणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "साहेब, जाम होतं." मी विचारायचो, "कुठं जाम होतं?" की तो गप्प. स्लाइड किती उघडी होती, पुंगळी आत होती की बाहेर डोकावत होती, मॅगझिन कोणती होती, काहीच सांगता यायचं नाही. घाटंजीला आलीस की तू मला हेच विचारशील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. याचं सार एवढंच: हात घालण्याआधी बघ.

आधी रिकामं, मग बाकीचं

नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. मॅगझिन आधी काढ, स्लाइड नंतर ओढ. क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत घेऊन जाते. पिस्तूल रिकामं केलं असं समजून घोडा पाडणाऱ्याच्या हातून गोळी सुटते ती अशीच. स्लाइड मागे अडकवून ठेव, चेंबर डोळ्यांनी बघ, अंधार असेल तर करंगळीचं टोक घालून बघ.

तुझ्या पिस्तुलात मॅगझिन काढली की ट्रिगर काम करत नाही. या सोयीवर विसंबू नकोस. चेंबरमध्ये काडतूस राहिलेलं असेल तर ते तिथंच असतं, मॅगझिन परत लावली की पिस्तूल पुन्हा जिवंत.

दोन वेळा मात्र मोकळं करायचीही घाई नको. ट्रिगर दाबला, नुसतंच टक् झालं, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांब. काडतुसाच्या बुडातल्या टिकलीने उशिरा पेट घेतला तर गोळी तेवढ्या वेळात सुटून जाते. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर गोळीबार तिथंच बंद. गोळी नळीतच रुतलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी गेली तर नळी फुगते, नाही तर फाटते. थाप मारून ओढायची सवय फार मुरलेली असेल तर नेमकी इथंच घात करते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही.

चक्र कसं फिरतं

तुझं पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, पण घराणं बेल्जियमचं. जॉन ब्राउनिंगने त्याचा आराखडा सुरू केला, तो १९२६ मध्ये वारला, मग एफएन कंपनीच्या द्यूदोने सैव्हने काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर या नावाने बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ काडतुसं दोन ओळींत बसतात.

गोळी सुटली की स्लाइड आणि नळी एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोडं अंतर मागे जातात. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड सुटी होऊन मागे धावते. जाताना एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीला चेंबरमधून ओढतो, इजेक्टर तिला बाहेर उडवतो, घोडा चढतो. मग रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये घालते आणि सगळं पुन्हा बंद होतं. डोळ्यांची पापणी लवायच्या आत एवढी कामं उरकतात. यातलं एक काम राहिलं की पिस्तूल थांबतं, आणि थांबताना कोणतं राहिलं ते दाखवून थांबतं.

कुठं थांबलं, ते काय सांगतं

काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडाशी टेकून स्लाइड अर्धवट उघडी राहिली असेल, तर पहिला संशय मॅगझिनवर. ओठ वाकलेत, स्प्रिंग मेलीय, नाही तर आत कचरा आहे. पहिल्याच गोळीला असं होत असेल तर स्वतःचा हात तपास. स्लाइड मागे ओढून हाताने धरत धरत पुढे सोडणारे पुष्कळ असतात. तिला मोकळी सोडायची, स्प्रिंगचं काम स्प्रिंगला करू द्यायचं.

स्लाइड जवळजवळ बंद, फक्त एकदोन मिलिमीटर उघडी, अशी राहत असेल तर चेंबर घाण आहे, रिकॉइल स्प्रिंग थकलीय किंवा काडतूस फुगीर आहे. याची परीक्षा सोपी. रेंजवर पिस्तूल खोलून सुटी नळी हातात घे आणि तिच्या चेंबरमध्ये काडतूस सोड. ते आपल्या वजनाने आत गेलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. चेंबर घासून पुसल्यावरही अडत असेल तर ते काडतूस बाजूला काढ.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि तिच्या मागे दुसरं काडतूस येऊन धडकलं, तर थाप मारून काही सुटणार नाही. स्लाइड मागे अडकव, मॅगझिन ओढून काढ, स्लाइड दोनतीनदा जोरात मागेपुढे कर, आत बघ, मग नवी मॅगझिन. दोष बहुतेक वेळा एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली साचलेल्या काजळीचा. दातकोरणीसारखी बारीक लाकडी काडी आणि चिंधी घेऊन तो कोपरा साफ कर. आकडा झिजला असेल किंवा चेंबरला गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र ते काम आर्मोररचं.

पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी चेपलेली दिसली, तर ती बाहेर निघाली खरी पण जोराने उडाली नाही. स्लाइड पुरती मागे गेली नव्हती. काडतूस कमजोर, स्लाइडच्या घसरपट्ट्या कोरड्या, हात सैल, किंवा इजेक्टर-एक्स्ट्रॅक्टरमध्ये खोट. यातलं कोणतं, ते कसं ओळखायचं, पुढे सांगतो.

टक् होऊन गोळी सुटली नाही, तर ३० सेकंदांनंतर काढलेलं काडतूस फेकू नकोस. टिकलीवरचा खड्डा बघ. खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकात जुनं तेल गोठलंय किंवा घोड्याची स्प्रिंग थकलीय. खड्डाच नसेल तर पिन तुटलीय, नाही तर स्लाइड पुरती बंद नव्हती.

शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर मॅगझिनची स्प्रिंग बघ, आणि आपला अंगठा स्लाइडच्या खटक्यावर दाबून बसलाय का तेही. काडतुसं शिल्लक असताना स्लाइड मागे अडकत असेल तरी आधी अंगठाच बघ, तो खटका खालून वर ढकलत असतो.

गुन्हेगार बहुतेक मॅगझिनच

पिस्तुलावर आळ येतो आणि मॅगझिन मोकळी सुटते. म्हणून प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर रंगाने १, २, ३ असा आकडा घाल. पिस्तूल अडकलं की आधी आकडा वाच. तीनदा अडकलं आणि तीनही वेळा २ नंबर निघाली तर शोध संपला.

सराव करताना मॅगझिन सिमेंटवर पडू देऊ नकोस. ओठ केसभर वाकले तरी काडतूस वेगळ्या कोनात वर येतं. वाकलेले ओठ पकडीने सरळ करायचे नाहीत, मॅगझिन जमा करून दुसरी मागायची. आत तेल घालायचं नाही. तेलाला धूळ चिकटते, काडतुसावर ओघळलेलं तेल टिकलीपर्यंत जाऊ शकतं. खोलून कोरड्या चिंधीने पुसलं की पुरे. आमच्यातले जुने लोक १३ च्या जागी १२ भरायचे, म्हणजे स्लाइड बंद असतानाही मॅगझिन खटकन बसते. मला ते पटतं.

काडतुसाचं बूड वाचायला शीक

काडतुसाच्या बुडावर अक्षरं आणि साल उठवलेलं असतं. केएफ म्हणजे आपली पुण्याजवळची खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. पेटीवर लॉट नंबर असतो. तो लिहून ठेव. पिस्तूल एका लॉटवर अडखळतं आणि दुसऱ्यावर धावतं, असं झालं तर पिस्तूल खोलायची गरजच उरत नाही, आणि वरिष्ठांना लेखी कळवायला हाताशी आधारही राहतो.

कातडी पट्ट्याच्या घरांत काडतुसं महिनोन्‌महिने ठेवू नकोस. कातडं ओल धरतं आणि पितळेला हिरवा कळंक चढतो. कळकलेलं काडतूस चेंबरमध्ये चिकटतं. कळंक घासून चकचकीत करून वापरणंही नको, जमा कर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा जीपच्या डॅशबोर्डवर काडतुसांची पेटी विसरायची नाही.

तेल, धूळ आणि आपला मुलूख

यवतमाळ जिल्हा कापसाचा. हंगामात जिनिंगच्या आसपास बंदोबस्त लागला की रुईचे तंतू हवेत असतात, उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ असते, पावसाळ्यात सगळं दमट आणि अंगाला घाम. या तीन ऋतूंना एकच तेलपाणी चालत नाही. धुळीच्या दिवसांत तेल कमी, पुसणं जास्त. पावसात बाहेरून तेलाचा पातळ हात रोज. घरी आलीस की पिस्तूल कातडी म्यानात ठेवायचं नाही, बाहेर काढून पुसून ठेवायचं.

तेल कुठं लावायचं? स्लाइडच्या घसरपट्ट्यांवर, नळी जिथं स्लाइडला घासते तिथं, आणि नळीखालच्या लगवर. एकेक थेंब, बोटाने पसरलेला. कुठं लावायचं नाही? चेंबरमध्ये, फायरिंग पिनच्या भोकात, मॅगझिनमध्ये. नळीतून गोळीबाराआधी कोरडी चिंधी ओढून घ्यायची.

आणि तेल शस्त्राचंच. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला ते उत्तम, कारण ते वाळून घट्ट थर बनतं. नेमक्या त्याच गुणाने ते पिस्तुलात गेलं की महिन्याभरात वार्निशसारखं चिकटतं. खोबरेल तर नकोच नको. २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं, आणि पौषातल्या पहाटे आपल्याकडे डब्यातलं खोबरेल दगड होतं हे तुला सांगायला नको. रॉकेलने धुतलंस तर ते पूर्ण पुसून, सुकवून, पुन्हा तेलाचा हात दे. रॉकेल जुनं तेल घेऊन जातं आणि उघड्या लोखंडावर दोन दिवसांत तांबूस डाग दिसतात.

खंडेनवमीला, दसऱ्याला शस्त्रपूजा होते. ती झालीच पाहिजे. पण हळद-कुंकू, अक्षता आणि फुलांचं पाणी पिस्तुलावर राहतं, घसरपट्ट्यांत शिरतं, आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या सरावाला निम्मी पिस्तुलं कुरकुरतात. पूजेआधी पिस्तूल रिकामं, मॅगझिन वेगळी, आणि आरती झाली की त्याच दिवशी खोलून सफाई.

हात सैल, तर पिस्तूल सैल

स्लाइडला मागे जायला खालची चौकट स्थिर लागते. मनगट ढिलं असेल तर चौकटही स्लाइडबरोबर मागे सरकते आणि स्लाइडचा पल्ला अपुरा पडतो. विहिरीतून बादली ओढताना पाय रोवले नाहीत तर बादली वर येण्याऐवजी माणूसच पुढे ओढला जातो, तसं. पुंगळी उभी अडकते ती बऱ्याचदा यानेच. लहान हाताच्या माणसाला पकड जरा वर घ्यावी लागते, पण घोडा आणि स्लाइड मागे येऊन अंगठ्याची बेचकी चावणार नाहीत इतकीच वर. मनगट कुलूपबंद, कोपर जरासं मोकळं, दुसरा हात पुढून दाबलेला. बाईमाणसाला ९ एमएम झेपत नाही असं कुणी म्हटलं तर वाद घालू नकोस, पकड नीट कर आणि टार्गेट दाखव.

कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१३ ला चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकली. तिच्या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. पिस्तूल अडकलं तर खेळाडूने नळी टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत काही उघडायचं नाही. तो येऊन बघतो, मग ठरतं की दोष पिस्तुलाचा की खेळाडूचा. आधीच हात घातला तर ती सवलत गेली. सरावाला तू हाच नियम स्वतःला लावून घे.

एका वेळी एकच बदल

आता वर राहिलेलं उत्तर: दोष कुणाचा ते कसं ओळखायचं. चार संशयित आहेत: काडतूस, मॅगझिन, पिस्तूल, हात. तेच पिस्तूल, तीच काडतुसं, मॅगझिन फक्त दुसरी. अडकलं नाही तर मॅगझिन दोषी. अडकलं तर पहिली मॅगझिन परत लाव आणि लॉट बदल. तरी अडकलं तर तीच मॅगझिन, तोच लॉट, चालवणारा दुसरा. त्याच्या हातात चाललं तर दोष पकडीत. इतकं करूनही अडकत असेल तरच पिस्तूल आर्मोररकडे. तीन गोष्टी एकदम बदलून पिस्तूल चालू केलंस तर ते चालू होईल, पण कशाने ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं पुन्हा उभं राहील.

एक छोटी वही ठेव. तारीख, मॅगझिनचा आकडा, लॉट, किती गोळ्या झाडल्या, कितव्या गोळीला थांबलं, कसं थांबलं. रिकॉइल स्प्रिंग थकली हे डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसतं. नवी स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी ताडून बघितली की खात्री पटते. हे सगळं रेंजवर. क्वार्टरमध्ये जिवंत काडतुसं भरून स्लाइड ओढून बघायची नाही. मॅगझिन तपासायचीच असेल तर ड्रिल काडतुसं मागून घे.

मामाच्या .३२ साठी

तुझा मामा परवान्याचं .३२ बाळगतो. ९ एमएम सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून परवानाधारकांकडे बहुतेक हेच असतं. ही काडतुसंही ब्राउनिंगचीच, १८९९ पासूनची. त्यांच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा जराशी रुंद असते आणि तिथंच एक खोडी आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. ती मागे सरकली तर दोन कडा एकमेकींत गुंततात आणि वरचं काडतूस पुढे जातच नाही. आखूड नाकाच्या काडतुसांनी हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये त्यांना मागेपुढे हलायला जागा मिळते. थाप मारून उपयोग नाही. मॅगझिन काढायची, सगळी काडतुसं उतरवायची, एकेक करून नीट भरायची. भरलेली मॅगझिन खिशात हिंदकळत फिरवू नको, हेही मामाला सांग.

निवडणुका लागल्या की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा होतात आणि महिनादोन महिने तिथं पडून असतात. जमा करताना रिकामं, पुसलेलं, तेलाचा हात दिलेलं, आणि कातडी म्यानाशिवाय द्यायचं. परत आल्यावर पहिलं काम खोलून सफाई. जुनं गोठलेलं तेल तसंच ठेवून चालवायला गेलं की मग म्हणायचं, ठाण्याने पिस्तूल बिघडवलं.

जिथं हात थांबवायचा

काडतूस सरकायच्या उताराला पॉलिश पेपर मारणं, स्प्रिंगची वेटोळी कापणं, एक्स्ट्रॅक्टर हातोडीने वाकवणं, इजेक्टर घासणं, यातलं काहीही करायचं नाही. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही. लेथवाला ओळखीचा असला तरी त्याच्याकडे न्यायचं नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुझं काम आर्मोररकडे, मामाचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे. आणि शेतात नेऊन दोन गोळ्या झाडून बघू, हे मामाच्या डोक्यातून काढ. चाचणी रेंजवरच.

दुरुस्त झालं म्हणजे काय

पिस्तूल परत आलं की ते लगेच कमरेला लावू नकोस. रेंजवर प्रत्येक मॅगझिनमधून, ड्युटीला वापरायच्या काडतुसांच्या लॉटने, निदान ५० गोळ्या न थांबता गेल्या पाहिजेत. एक जरी अडकली तरी मोजणी पुन्हा एकपासून.

आणि देणाऱ्याला तीन प्रश्न विचार: काय सापडलं, काय बदललं, किती झाडून पाहिलं. समोरचा माझ्यासारखा पांढऱ्या केसांचा असला तरी विचार. "आता ठीक वाटतंय" असं उत्तर आलं तर पावतीवर सही करू नकोस. कारण सापडलेलं नाही, म्हणजे पिस्तूल दुरुस्त झालेलं नाही.